सडकेवरचं खळं

ये गं प्राजू, अशी जवळ बस. आणि आधी कानातली ती पांढरी बोंडं काढ बघू. दोन्ही काढ. एक काढून दुसरं तसंच ठेवायची आणि आज्जीला 'ऐकतेय, ऐकतेय' म्हणायची तुझी खोड मला ठाऊक आहे. समोर असतीस तर मीच ओढून काढली असती. आता कागदावर लिहून राहिले, म्हणून सांगायची पाळी. सहा महिने झाले, तू आली नाहीस. लातूर काय अमेरिकेत आहे का? तुझी आई फोनवर म्हणते, 'आई, तिच्या क्लासची टेस्ट हाय, तिला वेळ न्हाई.' असेल बाई. पण टेस्ट हे काही खरं कारण नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

खरं कारण म्हणजे माझा हात. दिवाळीत तू आलीस तेव्हा यष्टीनं तुला सडकेच्या पल्याड उतरवलं. मी दारात खुर्ची टाकून तुझीच वाट बघत होते. तू मला बघितलंस, हात वर केलास, हसलीस आणि तशीच निघालीस. कानात बोंडं, हातात फोन, पाठीला दप्तर. मधल्या दुभाजकावरून पोरासारखी उडी मारलीस, आणि तुझ्या पाठीमागून एक टँकर असा गेला की त्याच्या वाऱ्यानं तुझी ओढणी उभी राहिली. तुला कळलंसुद्धा नाही. तू हसत हसत पाया पडायला वाकलीस आणि मी शेजारणींच्या देखत ओरडून तुझ्या थोबाडीत दिली. सतरा वर्षांची पोर तू. धपाटे केले होते तुझ्यासाठी, ते तसेच राहिले. चारच्या गाडीनं परत गेलीस, आणि दारात उभी राहून आईला फोनवर सांगितलंस ते मी ऐकलं, 'आज्जीचं डोकं फिरलंय.'

फिरलंय, खोटं कशाला सांगू. पण ते दिवाळीत नाही फिरलं. तुझ्याहूनही लहान होते तेव्हाच फिरलं. या वहीत मी माझं लहानपण लिहून काढून राहिले आहे हे तुला माहीत आहे. तूच आणून दिलीस ती वही. देवणीच्या बाजारातून आणलेली बैलजोडी लिहिली, धाकट्या मामाच्या लग्नात भात करपला ते लिहिलं. हे एक मात्र दर वेळी टाळून पुढचं पान घेतलं. तुझ्या आजोबांनासुद्धा हे मी कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आमचं माहेरचं घर अगदी सडकेला लागून. लोहा आणि अहमदपूर यांच्या मध्ये. लातूरकडं तोंड करून उभं राहिलं तर डाव्या हाताला. म्हणजे लातूरला जाणारी यष्टी आमच्या दाराशी थांबायची आणि नांदेडला जाणारी पल्याड, जिकडं शाळा होती तिकडं. आत्ता मी राहते ते घर तिथून दोनच घरं सोडून, तेही डाव्याच हाताला. ते का, हे पुढं कळेल. सडक तेव्हा एकपदरी होती, पण डांबरी होती, आणि आमच्या आजूबाजूच्या गावांत त्याचा मोठा रुबाब होता. घड्याळ आमच्या घरात नव्हतं. नांदेडची पहिली यष्टी गुरगुरत टेकाड चढली की माय चुलीवर तवा टाकायची. मालाचा ट्रक गेला की फळीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, आणि गोठ्यातले बैल कान हलवायचे. भाकरी थापल्याचा थप-थप आवाज आणि त्या ताटल्यांची किणकिण, माझ्या लहानपणाचा आवाज विचारशील तर तो हा. ट्रक लांब गेला तरी एखादी वाटी जरा वेळ कुणकुणत राहायची. माय तिच्यावर हात ठेवायची, रडकं लेकरू गप्प करावं तसा.

घरात आम्ही पाच जणं. आबा, माय, माझी थोरली बहीण, मी आणि धाकटा दत्ता. थोरलीचं नाव कलावती, पण सगळं गाव तिला अक्काच म्हणायचं. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण वागणं चाळीस वर्षांनी मोठं असल्यासारखं. शाळा पल्याड असल्यानं सडकेच्या या अंगाची सगळी चिल्लीपिल्ली रोज तीच न्यायची. तिची स्वतःची शाळा कधीच सुटली होती, पण दोन्ही वेळा ती दारात हजर. दहा-बारा पोरांची रांग करायची, पहिल्याच्या हातात आपल्या पदराचं टोक द्यायची, बाकीच्यांनी एकमेकांच्या सदऱ्याचं टोक धरायचं. असा आमचा तो लांबलचक किडा सडक ओलांडायचा.

"इंदे, सडकेवर बोलायचं न्हाई," ती मला दटावायची. "काय बोलायचं ते पल्याड गेल्यावर बोल."

"अगं, पन एक बी गाडी न्हाई अक्का!"

"न्हाई, म्हणूनच. दिसून राहिली ती गाडी परवडली. न दिसणारी लई वाईट."

तिचा मुख्य नेम दुसराच होता. शाळेत गुरुजी शिकवायचे, आधी उजवीकडं बघा, मग डावीकडं बघा. अक्का म्हणायची, ते तर बैलबी बघतंय. "चाकाकडं बघून काय करशील? ड्रायव्हरच्या डोळ्याकडं बघ. त्यानं तुला बघितलं का, ते बघ. नजरानजर झाली तर पाय उचल. न्हाई झाली तर तुझा पाय मातीतच." आणि खरंच ती ट्रकसमोर कडेला उभी राहून वर काचेकडं बघायची, ड्रायव्हरनं बघितलं की मान हलवायची, तोही मान हलवायचा, गाडी हळू व्हायची आणि आमचा किडा पल्याड जायचा. किती ड्रायव्हर तिला ओळखायला लागले होते! एक जण तर जाता जाता 'काय मास्तरीणबाई' म्हणून हाक मारायचा. (आता गाड्यांच्या काचा काळ्या असतात, प्राजू. मी कितीदा कडेला उभी राहून बघते. आत माणूस आहे की नाही तेच कळत नाही. काचेत माझंच तोंड दिसतं आणि तेही लगेच निघून जातं.)

आता हुलग्यांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हुलगे म्हणजे तुमच्या शहरात कुळीथ म्हणतात ते. थंडीत त्याचं पीठ भाजून गुळाचं पाणी आणि सुंठ घालून माय माडगं करायची, वाटीवर फुंकर घालत आम्ही ते चुलीपुढं बसून प्यायचो. आमच्या खडकाळ रानात दुसरं काही नाही आलं तरी हुलगे यायचे. पण त्यांची मळणी लई वैतागाची. खळ्यात बैल फिरवायचे तर दोन दिवस मोडायचे. सडक डांबरी झाल्यापासून गावानं नवीन युक्ती काढली. वाळलेल्या हुलग्यांचे वेल सडकेवर पसरायचे. यष्ट्या, ट्रक, बैलगाड्या वरून गेल्या की शेंगा आपोआप फुटायच्या. मधूनमधून दाताळ्यानं वेल उलटेपालटे करायचे, संध्याकाळी भुस्कट बाजूला सारून दाणे झाडून घ्यायचे. आबा मिशीला पीळ देऊन म्हणायचे, "सरकारनं फुकटात खळं बांधून दिलंय, ते बी डांबराचं! बैलाला तेवढाच विसावा."

पण ड्रायव्हर लोक हुशार. वेलांवरून चाक घसरतं हे त्यांना माहीत. म्हणून ते उरलेल्या अर्ध्या सडकेनं कडेकडेनं जायचे. मग माय दारातून ओरडायची, "अय मामा, जरा मधून जा की! नव्या नवरीगत कडंकडंनं काय चाललास?" ते हसायचे आणि तरी कडेनंच जायचे. त्यावर आमच्या गावानं काढलेला उपाय असा, की अर्ध्या सडकेवर हुलगे पसरायचे आणि उरलेल्या अर्ध्यावर धोंडे मांडायचे. म्हणजे गाडीला वेलांवरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. हे काम घरातल्या लहान पोरांचं. आमच्या घरात ते माझं होतं, आणि मी ते फार झोकात करायची. मोजून अकरा धोंडे, हारीनं. कुणाला त्यात काही गैर वाटायचं नाही. गाड्या आमच्याकडं मजुरीला आहेत असंच आम्हाला वाटायचं. बैल जसा आपल्या माणसाच्या अंगावर पाय देत नाही, तसं चाकही देणार नाही, असं काहीतरी आमच्या डोक्यात बसलं होतं. आमच्या लोकांची ही चूक कुठं लिहिलेली सापडणार नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

त्या वर्षी अक्काची सुपारी फुटली होती. सोयरीक अहमदपूरच्या बाजूची, खाऊनपिऊन सुखी घर. तिचे होणारे सासरे बाजाराच्या दिवशी कुणाच्या तरी जीपमधून आमच्याच सडकेनं लोह्याला जायचे. आणि रीत अशी की सुपारी फुटलेल्या पोरीनं सासरच्या मोठ्या माणसाला तोंड दाखवायचं नाही. ते दिसले की डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढायचा आणि पाठ करून उभं राहायचं. एकदा जीप अचानक आली तेव्हा अक्का डोक्यावर काहीच न घेता झाडत होती. सासऱ्यांनी बघितलं. पुढच्या बाजाराला कुणाकडून तरी निरोप आला, 'पोरगी जरा मोकळी हाय का?' एवढंच. तेव्हापासून अक्कानं जीपची धास्ती घेतली. गाडीच्या आवाजावरून ट्रक कोणता, यष्टी कोणती सांगणारी माझी बहीण, हॉर्न वाजला की आधी पदराला हात लावायला लागली.

आणि मला त्याची गंमत वाटायची. मी बारा वर्षांची होते. मला वाटायचं, ही आपल्याला सोडून चाललीय आणि वर लाजून पण राहिलीय.

बाजाराचा दिवस होता. सकाळीच वेल पसरले, मी माझे धोंडे मांडले. ऊन चांगलं तापलेलं, शेंगा आपल्या आपणच फुटत होत्या. अक्का वेलांच्या मधोमध उभी राहून दाताळ्यानं ते उलटवत होती, मी कडेला बाभळीखाली बसून शेंगदाणे खात होते.

"अक्का, जीप आली!" मी ओरडले.

तिनं झटकन पदर ओढला, पाठ केली. आली ती शेणखताची बैलगाडी. मी लोळून लोळून हसले. ती दाताळं घेऊन माझ्या मागं धावली. "थांब इंदे, तुझं तोंडच भाजते!" पण तीही हसत होती. थोड्या वेळानं मी पुन्हा केलं. तिनं पदराला हात लावला, अर्धी वळली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "चल चावट. आता खरी आली तरी मी वळायची न्हाई. मग तुझ्यामुळं माझी इज्जत जाईल, बघ."

तिथं थांबायला पाहिजे होतं. माय भाकरी टाकायला आत गेली होती, आबा बैलांना पाण्यावर घेऊन गेले होते. मी उठून उभी राहिले, टेकाडाकडं बघितल्यासारखं केलं आणि अगदी हळू आवाजात, घाबरल्यासारखं म्हणाले, "अक्का, खरंच आले गं. मायची आण."

मायची आण मी कधी खोटी घेत नसे. ती वळली. टेकाडाकडं पाठ करून, पदर हनुवटीपर्यंत ओढून, खाली मान घालून उभी राहिली. मी तिच्याकडं बघत होते, सडकेकडं नाही. तिची फजिती बघायची होती मला. म्हणून टेकाडावरून आलेला ट्रक मीही बघितला नाही. उतारावर डिझेल वाचवायला ड्रायव्हर इंजिन बंद करायचे, तसा तो आवाज न करता आला. अल्याड धोंडे, पल्याड वेल. वेलांत पाठमोरी बाई. त्यानं हॉर्न वाजवला. पूर्वी हॉर्न ऐकून अक्का आधी वर काचेकडं बघायची. पण इंजिनचा आवाज नव्हता, नुसता हॉर्न होता, आणि जीप आली असं मी आण घेऊन सांगितलं होतं.

हॉर्न वाजला तसा अक्कानं पदर आणखी पुढं ओढला. दुसऱ्या हातानं निऱ्या सारख्या केल्या.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. आठवतो तो शेंगांचा आवाज. ब्रेक लागला आणि चाकं वेलांवरून सरकली, तेव्हा सगळ्या शेंगा एकदम फुटल्या. तडतड, तडतड, फोडणीत मोहरी टाकावी तशा. मी अजून फोडणी देताना चुलीपासून मागं सरकते. तुझी मामी म्हणते, 'आत्या, इतक्या वयाच्या झालात तरी तेल उडायला भिता.' भिते बाई.

माणसं जमली. ड्रायव्हर खाली उतरला. तेलंगणाच्या बाजूचा, तरुण, मराठी येत नव्हतं. लोकांनी त्याला धरला आणि हाणायला सुरुवात केली. तो हात जोडून एकच विचारत होता, "पत्थर किसने रखे? अम्मा, पत्थर किसने रखे?" सगळ्यांनी ऐकलं. तिथं उभ्या असलेल्या घराघरातल्या पोरांनी त्या आठवड्यात धोंडे मांडले होते. आबा धावत आले, अक्काजवळ बसले, तिच्या नाकाशी हात धरला. मग माझ्याकडं न बघता खालच्या आवाजात म्हणाले, "इंदे, धोंडे काढ."

मी काढले. एक एक उचलून सडकेकडेच्या खड्ड्यात टाकला. अकराच्या अकरा. नंतर पोलिसांचे कागद झाले तेव्हा सडक मोकळी होती असं लिहिलं गेलं, असं मी ऐकलं.

दुसरी गाडी नव्हती. लातूरहून येणारी यष्टी यायला वेळ होता. शेवटी ज्याला लोक मारत होते त्यानंच, ओठ फुटलेला, सदरा फाटलेला, अक्काला उचलून आपल्या ट्रकमध्ये ठेवलं. पुढं माय बसली, अक्काचं डोकं तिच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. आबा मागं, मालावर. नांदेडपर्यंत तो ड्रायव्हर रडत रडत गाडी चालवत होता, आणि इतकी नीट चालवत होता की मला वाटलं, याच्यासमोरून अक्कानं शंभरदा आमचा किडा नेला असता.

विष्णुपुरीच्या आसपास, तेव्हा तिथं धरण नव्हतं, नुसतं गोदावरीचं पात्र होतं, अक्कानं डोळे उघडले. मायला बघितलं, मग मला. "इंदे," ती म्हणाली, "जीप गेली का?"

"गेली," मी म्हणाले.

"त्यांनी बघितलं मला?"

"बघितलं."

"अन् पदर?"

"व्हता. नीट व्हता, अक्का. तोंड दिसलं न्हाई तुझं."

तिनं 'हं' केलं. काम झाल्यावर माणूस करतं तसं. पुलाच्या अलीकडं माझ्या मांडीवरचे तिचे पाय जड झाले. मायला ते नंतर कळलं. मला आधी कळलं आणि मी पूल संपेपर्यंत सांगितलं नाही.

त्या ड्रायव्हरचं पुढं काय झालं मला माहीत नाही. त्यानं धोंड्यांचं कुणाला सांगितलं असेल तर त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. अक्काचे सासरे दहाव्याला आले होते. आबांना म्हणाले, "पोरगी लई मर्यादेची व्हती, असं ऐकलं." तसं सांगत हिंडणारी मीच होते. जीप त्या दिवशी आलीच नव्हती. मागाहून कळलं, ते त्या बाजाराला गेलेच नव्हते, ताप होता त्यांना.

तू विचारशील, मग काय बदललं? काही नाही. माझी शाळा तेवढी बंद झाली, कारण ती पल्याड होती आणि मला न्यायला अक्का नव्हती. दत्ताची चालू राहिली. पोरगा, त्याला आबा स्वतः नेऊन सोडायचे. मी दारात बसून यष्टीच्या पाट्या वाचायची. नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर. तेवढ्या चार शब्दांवर मी शाळेतली अर्धीकच्ची अक्षरं पक्की केली, मग दत्ताची पुस्तकं, मग किराणा गुंडाळून आलेले कागद. म्हणून माझं लिहिणं असं आहे, थांबत थांबत. पुढं आबांनी मला गावातच दिली, माझ्या थोरल्या मामाच्या घरी, सडकेच्या याच अंगाला. लोक म्हणाले, जवळचं नातं बघितलं. नातं नाही बघितलं. सडक ओलांडावी लागू नये एवढंच बघितलं.

आणि पुढच्या वर्षी हुलगे आले तेव्हा आबांनी ते कुठं पसरले असतील? तिथंच. दुसरी जागा कुठं होती? बैल एक म्हातारा झाला होता. मी उठून खड्ड्यातले धोंडे काढून आणले. तेच अकरा. त्या थंडीत मायनं माडगं केलं आणि आम्ही चौघं प्यायलो. फुंकर घालून प्यायलो. गोड होतं.

तुला वाटेल, जुना काळ, अडाणी माणसं. आता बाहेर येऊन बघ. सडक चौपदरी झाली, दुभाजक झाला, आणि शाळा अजून पल्याडच आहे. पायी जायला खालून बोगदा केलाय, तो इथून दीड किलोमीटरवर, आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. मग गावानं दुभाजक एका ठिकाणी फोडला. तिथून पोरं जातात, म्हाताऱ्या जातात, दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकली जातात. आम्ही बायकांनी हापिसात अर्ज दिले, तीनदा दिले. शेवटी एक पाटी लागली, 'सावकाश चला'. तिच्यावर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय. एक वर्ष मी स्वतः काठी घेऊन सकाळी उभी राहिले, पोरांच्या हाती पदराचं टोक द्यायला. पोरं हसायची. "आज्जे, तू सर, तुझ्यामुळंच उशीर होऊन राहिला." मग गुडघे गेले. मी गेले नाही तरी कुणाला फरक पडला नाही, आणि गेले होते तेव्हाही पडला नव्हता, खरं सांगायचं तर.

मागच्या सुगीत दत्ताच्या नातवंडांनी सडकेच्या कडेला सोयाबीन वाळत घातलं, आणि गाडी वर येऊ नये म्हणून भोवती धोंडे लावले. मी काठी टेकत गेले, म्हटलं, "लेकरांनो, उचला रे ते." थोरला म्हणाला, "आज्जे, खळं न्हाई हे, नुसतं वाळवण हाय. काई होत न्हाई." मी त्यांना सगळं सांगायचं ठरवून गेले होते. मायची आण, जीप, पदर, सगळं. तोंड उघडलं आणि 'बरं' म्हणून परत आले. सांगून धोंडे हलले असते असं मला वाटलं नाही. आत्ताही वाटत नाही. दारात बसते, ब्रेक वाजला की डोळे मिटते, आणि शेंगांचा आवाज येतो का ते ऐकते.

तुझ्यावर हात उचलला त्याची माफी मागते, प्राजू. ओरडले त्याची मागत नाही.

आता शेवटचं, तेवढं ध्यानात धर. तू येशील तेव्हा लातूरहूनच येशील, म्हणजे गाडी तुला पल्याड सोडणार. तर आपल्या गावाला उतरूच नकोस. कंडक्टरला लोह्याचं तिकीट माग. उजव्या हाताच्या खिडकीशी बस, फोन पिशवीत ठेव, आणि टेकाड उतरलं की बाहेर बघ. मी दारात खुर्ची टाकून बसलेली असेन. हात हलवू नकोस, उठू नकोस, नुसतं माझ्याकडं बघ. तू मला बघितलंस एवढं मला कळू दे. मग तशीच पुढं जा. लोह्याच्या स्टँडात उतर आणि लातूरकडं तोंड असलेली गाडी धर. ती तुला अल्याड, माझ्या दाराशी आणून सोडेल. तास-दीड तास जास्त जाईल तुझा. तेवढ्यात मी धपाटे गरम करते. पण ये गं बाई, लवकर ये.